झिजलेला आकडा

रूडीने पिस्तुलाच्या स्लाइडची, म्हणजे वरच्या सरकत्या भागाची, मागची पट्टी खाली सरकवून काढली आणि आतला पोलादी आकडा नखाने हळूच बाहेर ओढला. काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा लांब, टोकाला वाकडी चोच. त्याने तो चष्म्याजवळ नेला, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा बघितला आणि पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवून दिला.

"बघ, चोच कशी झिजलीय. ही उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पकडून बाहेर ओढणार तरी कशी?"

बर्नी ओट्याशी कोबी चिरत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"झिजायला काय झालं? चाळीस वर्षं ओढतोय तो. तुला इतकी वर्षं ओढायला लावलं असतं, तर तूही झिजला असतास."

"मी झिजलोच आहे."

"दिसत तर नाही. पोट अजून जिथल्या तिथे आहे."

रूडी हसला आणि नव्या आकड्याची पुडी फोडू लागला. काम सुरू करण्याआधी त्याने पिस्तुलाची रिकामी नळी तिला दाखवली होती आणि तिने कोबीचे हात पुसून, वाकून आत बघून "रिकामं" म्हटलं होतं. लग्न झाल्यापासून या घरात हे असंच चालत आलं होतं. काडतुसं तळघरात कुलपात, पिस्तूल स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि दोघांनी बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या नदीकाठच्या गावात बऱ्याच घरांत जेवणाच्या टेबलावर असं काहीतरी उघडलेलं असायचं. कोणाची बंदूक, कोणाचा कार्बुरेटर. बायका कुरकुरायच्या आणि ताटं जरा बाजूला मांडायच्या.

पण हे पिस्तूल बर्नीचं होतं. हिवाळाभर दर बुधवारी शिकारी क्लबात नेमबाजीची लीग चाले. एका हाताने, पन्नास फुटांवरच्या कागदावर. बर्नी त्यात पहिल्यापासून होती. पूर्वी रूडीही तिच्या शेजारी उभा राहायचा, पण डोळे अधू झाले तसा तो मागच्या बाकावर बसायला लागला. थर्मासमधली कॉफी प्यायची आणि बायकोचा नेम बघायचा, एवढंच त्याचं काम. ते काम तो इतक्या मनापासून करायचा की क्लबातले लोक म्हणत, रूडी बाकावर बसून तिच्याआधी श्वास रोखतो.

गेले तीन बुधवार मात्र पिस्तूल मधेच अडकत होतं. अडकलं की डावा हात वर करायचा, पंच येऊन तपासणार, आणि बाकीचे सगळे माना खाली घालून थांबणार, मग ती फेरी तिने एकटीने पुन्हा मारायची. नियमात बसणारी गोष्ट, कोणाची हरकत नव्हती. पण बर्नीला हात वर करायची सवय नव्हती.

"या बुधवारी पुन्हा अडकलं ना," कोबी कढईत सारत ती म्हणाली, "तर संघातली माझी जागा चेटच्या सुनेला देऊन टाकणार. पोरगी चांगली मारते. उगाच अडून बसण्यात काय अर्थ आहे?"

चेट हा संघाचा कप्तान. रांगेत बर्नीच्या उजव्या हाताला उभा राहणारा.

"अडकणार नाही," रूडी म्हणाला.

"तू गेल्या आठवड्यातही हेच म्हणालास."

"गेल्या आठवड्यात नवा आकडा नव्हता."

नवा आकडा सरळसोट होता. तो किंचित वाकवावा लागतो, म्हणजे काडतुसाची कड बेताने धरून ठेवतो. रूडीने तो बसवला, चोचीत दारू नसलेलं खोटं काडतूस अडकवलं आणि स्लाइड हलवली. काडतूस टपकन खाली पडलं. पुन्हा काढला, पुन्हा वाकवला. आता इतका घट्ट झाला की काडतूस आत शिरेना. मग जरा सैल केला. मग चोचीखालची धार बारीक कानशीने एकदा, दोनदा घासली. तो आयुष्यभर कारखान्यात साचे बनवत आला होता. घाई करणं त्याला जमतच नसे.

"कितीसं वाकवायचं असतं ते?" बर्नीने विचारलं.

"ते सांगता येत नाही. हाताला कळतं."

"म्हणजे नूडल्सच्या कणकेसारखं."

"तुझ्या की तुझ्या आईच्या?"

"माझ्या आईच्या कणकेबद्दल बोलायचं नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत."

संध्याकाळ व्हायच्या आत काडतूस चोचीत नीट धरलं जाऊ लागलं. स्लाइड हळू हलवली तर राहायचं, जोरात हलवली तर पडायचं. असंच हवं होतं. रूडीने तिला बोलावून ते दोनदा करून दाखवलं आणि तिने दोन्ही वेळा कौतुकाने मान डोलावली.

शनिवारी क्लबामागच्या मातीच्या बांधाशी दोघं गेली. बर्फ पडून गेलं होतं, कोणी नव्हतं. आधी रूडीने मारून बघितलं. गोळ्या बांधात कुठेही गेल्या, पण पिस्तूल लोण्यासारखं चाललं. पुंगळ्या एकामागून एक उजवीकडे बर्फात पडत गेल्या. त्याने अभिमानाने पिस्तूल तिच्या हाती दिलं.

बर्नीने हात लांबवला. पहिली गोळी कागदाच्या मधोमध. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीला पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन धुराड्यासारखी उभी राहिली.

"तुझ्या हातात चाललं की," बर्नी म्हणाली.

"नशीब माझं. मार बरं पुन्हा."

या वेळी रूडीने पिस्तुलाकडे बघितलंच नाही. तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. असलं पिस्तूल सुटलं की मागे धक्का देतं. मागे मनगट घट्ट उभं असेल तरच स्लाइड पूर्ण मागे जाते आणि पुंगळी बाहेर फेकते. मनगटाने माघार घेतली तर स्लाइडचा जोर वाटेतच संपतो. बर्नीचं मनगट प्रत्येक धक्क्याला मागे लवत होतं. नेम तसाच होता, अगदी तसाच, पण हात तो राहिला नव्हता. पिस्तूल ठेवल्यावर तिने डाव्या अंगठ्याने मनगट चोळलं आणि रूडी बघतोय म्हटल्यावर हातमोजा चढवला.

"आकडा अजून जरा घासायला हवा," रूडी म्हणाला.

त्या रात्री जेवताना तिने कॉफीची किटली दोन्ही हातांनी उचलली. ती किती दिवसांपासून तशी उचलत होती, ते त्याला आठवेना. रोज समोर बसतो आपण, आणि बघतो काय, पिस्तूल. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

रविवारी बर्नी चर्चला गेली, तेव्हा तो सर्दीचं निमित्त करून घरी राहिला. तळघरातल्या डब्यात नळीखाली बसणाऱ्या स्प्रिंगा होत्या, कमी-अधिक जोराच्या. स्लाइडला मागे जाताना या स्प्रिंगशीच झुंजावं लागतं. स्प्रिंग हलकी घातली की स्लाइडला कमी जोर पुरतो आणि मनगट लवलं तरी काम भागतं. फक्त एक आहे, पुंगळी मग लांब उडते. नेहमीच्या जागेवर न पडता शेजाऱ्याच्या अंगावर. आणि क्लबातल्या जुन्या खोडांना पुंगळी कुठे पडली यावरून सगळं कळतं. रूडीला हे ठाऊक होतं. तरी त्याने स्प्रिंग बदलली. या वेळी नळी रिकामी आहे हे बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच दोनदा बघितलं.

"झालं का?" आल्यावर बर्नीने विचारलं.

"झालं. चोचच नडत होती."

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

बुधवारी क्लबात शेगडी पेटलेली होती आणि ओल्या बुटांचा वास भरला होता. रूडी बाकावर बसला. थर्मास उघडायचं त्याला सुचलं नाही. हुकूम झाला, बर्नीचा हात वर आला आणि पहिली फेरी पार पडली. दुसरी पार पडली. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. पण दुसऱ्या फेरीत पहिली पुंगळी चेटच्या खांद्यावर बसली, पुढची त्याच्या मानेवर. गरम पुंगळी मानेला लागणं म्हणजे काय, ते लागलेल्यालाच कळतं. चेट हलला नाही. फेरी संपल्यावर त्याने कोटाची कॉलर वर केली, गुंडी लावली आणि पुन्हा नेम धरून उभा राहिला.

बर्नीचे गुण त्या हिवाळ्यातले सगळ्यात जास्त निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेटच्या सुनेने तिला मिठी मारली. मग ज्याने त्याने आपापल्या पुंगळ्या वेचायच्या, ही तिथली रीत. बर्नी कॉफीचा रिकामा डबा घेऊन नेहमीच्या जागी गेली आणि वाकली. तिथे काहीच नव्हतं. ती तशीच वाकलेली थांबली. मग सरळ होऊन चेटच्या जागेपाशी गेली, आणखी पुढे भिंतीपर्यंत गेली. तिच्या सगळ्या पुंगळ्या तिथे पडल्या होत्या.

चेट आपले कागद गुंडाळत होता.

"या छपरातून सारखं काहीतरी पडत असतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पुढच्या बुधवारी टोपी घालून येतो."

"ये," बर्नी म्हणाली.

अंधारात रूडीला दिसत नसे, म्हणून परतताना गाडी तीच चालवायची. ती आत बसली, पण तिने किल्ली फिरवली नाही. काचेवर बर्फ भुरभुरत होतं.

"किती हलकी घातलीस?"

रूडीने मांडीवरचा थर्मास उगाच फिरवला.

"एक नंबर खाली."

"आणि मला चोच सांगितलीस."

"चोचही झिजली होतीच की."

"खोटारडा."

"डॉक्टरला दाखवू या, बर्नी. शहरात एक चांगला आहे म्हणतात."

"दाखवलं. सुगीच्या वेळीच जाऊन आले. तुला म्हटलं होतं, बहिणीकडे जाते." तिने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि बोटं उघडमीट करून बघितली. "नस आहे. भरून येणार नाही म्हणाला. हळूहळू कमीच होत जाणार."

"मग नवा आकडा कशाला बसवू दिलास मला? दुपारभर घासत बसलो मी."

"तू म्हणालास आकडा झिजलाय. मला वाटलं, असेलही. देव करो आणि आकडाच असो. आणि किती मन लावून बसला होतास. कसं सांगणार होते?"

रूडीने तिचा हात स्टिअरिंगवरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मनगट चोळू लागला. तिने चोळू दिलं. क्लबातले दिवे एकेक करून विझले. चेटची गाडी शेजारून गेली आणि त्याने नेहमीसारखा भोंगा वाजवला.

"याहून हलक्या मिळतात?" बर्नीने विचारलं.

"मिळतात. आणखी दोन नंबर आहेत. त्याखाली नाही."

"म्हणजे दोन हिवाळे."

"पुरवून वापरल्या तर तीन," रूडी म्हणाला.