पाठ असलेला नकाशा

नवं सरकार आलं आणि भिंतीभिंतीवर देशाचा नकाशा झळकू लागला. तेव्हा एका बंद छापखान्यात एकत्र काम करणाऱ्या सहा चित्रकारांनी ठरवलं, की आता येणाऱ्याजाणाऱ्यालाच नकाशा काढायला लावायचा, तोही न बघता. पेन्सिल मिळेल, खोडरबर मिळणार नाही, हा हट्ट त्यांच्यातल्या थोरल्या मावशीचा. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेली ही बाई कुणालाच भीक घालायची नाही.

महिन्याभरात तीनशे नकाशे दोरीला लटकले. देश कुठे बटाट्यासारखा, कुठे चपलेसारखा. प्रदर्शन उघडलं आणि तिसऱ्याच दिवशी सांस्कृतिक खात्याचे साहेब तणतणत आले.

"हा देशाचा अपमान आहे! एकाची तरी सीमा बरोबर आहे का? उतरवा सगळं!"

"उतरवते की," मावशी म्हणाली. "पण बरोबर नकाशा कसा असतो, ते एकदा काढून दाखवा. तोच मधोमध लावू."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पेन्सिल मोठ्या झोकात फिरली. राजधानीचा ठिपका पडला. मग आपल्या गावाचाही द्यावा म्हणून हात वर सरकला आणि थबकला. गाव उत्तरेच्या टोकाला होतं, आणि त्यांची रेघ त्याच्या अलीकडूनच वळली होती.

"काय राहिलं बाहेर?" मावशीनं विचारलं.

"गाव. आई असते तिथे," साहेब पुटपुटले. "जरा खोडरबर द्या."

"ते आम्ही कुणालाच देत नाही," मावशी म्हणाली, आणि साहेबांचा नकाशा मधोमध लटकवायला तिनं दोरीवरचा एक मोकळा चिमटा काढला.