आधी तुम्ही सांगा

“आधी तुम्ही सांगा,” मास्तर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

पियानोचा आठ सेकंदांचा एकच तुकडा त्यांनी दोन वेगळ्या मुद्रणांतून टेपवर ऐकवला होता. दोन्हींत एक फरक होता, तो ओळखायचा. समोर तीन शिकाऊ ध्वनिमुद्रक बसले होते. काडीसारखा आणि सदा गळ्यात केबलचं वेटोळं घालून फिरणारा तो वायर. तोंड उघडलं की पुस्तकातलं बोलणारा तो प्राध्यापक. आणि बारीक आवाजाची, बारीक अंगाची चिमणी.

“दुसऱ्यात पंखा चालू आहे,” वायर म्हणाला.

“पंखा कुठला? ट्यूबलाइट गुणगुणते आहे,” प्राध्यापकानं त्याला खोडलं.

“तुझ्या डोक्यात गुणगुणतीये.”

चिमणी डोळे मिटून बसली होती. “वाजवणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ आहे, सर. टिकटिक येते.”

मास्तरांनी मान डोलावली. “बरोबर. घड्याळ.”

उत्तर त्यांना ठाऊक होतं, कारण वीस वर्षांपूर्वी त्यांनीच टेपच्या पाकिटावर ‘घड्याळ’ असं लिहून ठेवलं होतं. आज त्यांना पंखा, ट्यूब, घड्याळ, यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी बायकोला ताप होता. काखेत थर्मामीटर लावून मास्तर शेजारी बसले होते. बरीच वाट बघून ती म्हणाली, “अहो, काढा की. केव्हाचं वाजतंय.” मास्तर म्हणाले, “कुठं वाजतंय?” ती आजारी असूनही हसली. मास्तर हसले नाहीत.

कानाच्या डॉक्टरनं तपासून कागद पुढे केला. त्यावरची रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि मग विहिरीत उडी टाकावी तशी खाली गेली होती. “वयाच्या मानानं ठीक आहे,” डॉक्टर म्हणाला. “बोललेलं ऐकू येतं ना? मग झालं तर. बारीक आवाज काय करायचेत?” मास्तरांचं सगळं पोट त्या बारीक आवाजांवर चाललं होतं, पण हे त्याला समजवायचं कसं? त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. नोकरीची दोन वर्षं उरली होती. झाकली मूठ झाकलेली राहू द्यावी, असं त्यांनी ठरवलं.

तेव्हापासून ही शिकवण्याची नवी रीत आली. कुठलाही आवाज लावला की मास्तर विचारायचे, “आधी तुम्ही सांगा.” तिघांच्या उत्तरांतून ते खरं उत्तर चाळून घ्यायचे. संस्थेत त्यांचं कौतुक झालं. सर उत्तर देत नाहीत, पोरांचे कान घडवतात, असं लोक म्हणू लागले. मास्तर ऐकून घ्यायचे.

मग व्हायोलिनवाल्या बाईंचा फोन आला.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मास्तर पंचविशीत असताना त्यांनी केलेलं पहिलं स्वतंत्र मुद्रण बाईंचंच होतं. फोनवर ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “माझी करंगळी गेली रे. वाकली की उघडत नाही. बाकीचीही तिच्याच वाटेवर आहेत. वडिलांची ती अकरा मिनिटांची रचना तेवढी करून ठेवायचीये. त्यांनी कागदावर उतरवली नाही, मी कुणाला शिकवली नाही. माझ्या हातात एकदा वाजवण्यापुरता जीव आहे. तू कर. दुसऱ्या कुणाच्या कानाचा मला भरवसा नाही.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मास्तर म्हणाले, “या, बाई. मी आहे.”

मुद्रण सकाळी दहाचं. मास्तरांची पद्धत जुनी होती. माईकांची एक जोडी, जागा हुडकून उभी करायची, आणि मग हात लावायचा नाही. ही जोडी सुट्टीभर कपाटात होती आणि कपाटामागच्या भिंतीत नळ पाझरत होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी चिमणीनं दोन्ही माईक ऐकून पाहिले तेव्हा आवाज स्वच्छ होता. मग नेहमीप्रमाणे हवा थंड करणारं यंत्र बंद केलं, कारण त्याची घरघर नको. दारं लावली. मुद्रणाच्या दालनातली हवा हळूहळू कोंदट, दमट झाली.

बाई काचेपलीकडे एकट्या उभ्या होत्या. त्यांनी गज तारेवर ठेवला.

ती रचना संथ होती. एखाद्या माणसानं घरातल्या खोल्यांमधून सावकाश फिरत एकेक दिवा मालवत जावं, तशी. करंगळी लागेल तिथे बाई शेजारच्या बोटानं लांब ढांग टाकत होत्या, आणि ती ढांगही त्या सुरावटीतलीच वाटत होती. मास्तरांचे डोळे भरून आले.

चौथ्या मिनिटाला चिमणीनं त्यांच्याकडे पाहिलं. भुवया उंचावून, ओठ किंचित उघडे. मास्तरांना वाटलं, पोरगी हलली आतून. त्यांनी तिच्याकडे बघून हळूच मान डोलावली. चिमणी क्षणभर तशीच थांबली, मग तिनं समोरच्या वहीकडे नजर वळवली. हातातली पेन्सिल तिनं खाली ठेवली.

अकरा मिनिटं पुरी झाली. बाई बाहेर आल्या त्या डावा हात उजव्या हातात धरून, कुणा आजाऱ्याला आणावं तशा.

“झालं बाबा. आता पुन्हा सांगू नकोस.”

“पुन्हा लागायचंच नाही, बाई,” मास्तर म्हणाले.

मधल्या खुर्चीत बाईंना बसवलं आणि सगळं पहिल्यापासून लावलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “दालनाचा घुमारा काय छान घेतलायस रे. वडील पलीकडे बसलेत असं वाटतं.” मास्तर सुखावले. त्यांनी शाबासकीसाठी पोरांकडे पाहिलं.

वायर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. प्राध्यापक चष्मा पुसत होता आणि काच केव्हाची लखलखीत झाली होती. चिमणी रडत होती, आणि ते गाणं ऐकून येणारं रडू नव्हतं.

“जरा चहाचं बघून येतो,” असं बाईंना सांगून त्यांनी तिघांना बाहेरच्या बोळात आणलं.

“काय आहे?”

वायरनं प्राध्यापकाकडे पाहिलं, प्राध्यापकानं चिमणीकडे.

“अरे, काय आहे? मी विचारतोय!”

“माईक, सर,” चिमणी म्हणाली. “चौथ्या मिनिटापासून. तापल्या तव्यावर थेंब पडावेत तशी चुरचुर. दोन्हीत. पुढे वाढतच गेली.”

“ओल धरली असणार,” प्राध्यापक म्हणाला.

“मग थांबवलं का नाहीस मला? बाई तिथल्या तिथे थांबल्या असत्या. चारच मिनिटं झाली होती!”

“मी बघितलं ना तुमच्याकडं,” चिमणीचा आवाज फाटला. “तुम्ही मान हलवलीत.”

मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

“आम्हाला वाटलं, सर, तुम्ही नेहमीसारखी परीक्षा घेताय,” वायर पुटपुटला. “कळलंय तुम्हाला, आणि नंतर विचाराल, की आधी तुम्ही सांगा.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शेजारच्या छोट्या खोलीत प्राध्यापकानं संगणकावर खटाटोप सुरू केला. चुरचुर पुसायचा एक मार्ग लावून त्यानं तुकडा ऐकवला. “गेली, पण गजाची खरखर पण गेली तिच्याबरोबर. दोन्ही एकाच जातीचे आवाज आहेत. व्हायोलिन रबराचं वाटतं.” त्यानं दुसरा मार्ग लावला.

“आता?” मास्तरांनी विचारलं.

“आता गज आला, सर, पण चुरचुर परत आली.”

मास्तरांनी दोन्ही तुकडे पुन्हा लावायला सांगितले. मान पुढे काढून, हाताचा पंजा कानामागे धरून ऐकलं. पहिला, दुसरा, आणि अजिबात न पुसलेला. तिन्ही सारखे. एकाच आईची तीन लेकरं. इतकी वर्षं ज्या खोलीचा कोपरान्‌कोपरा त्यांना पाठ होता, तिच्या दाराबाहेर त्यांना कुणीतरी उभं केलं होतं.

त्यांनी पंजा खाली घेतला. तोवर तिघांनाही कळलं होतं.

शेवटी वायर म्हणाला, “सर, राग मानू नका. बाईंना तरी कुठं ऐकू आलं? त्या खूश आहेत. जाऊ द्या ना त्यांना खुशीत घरी. सांगायचंच कशाला?”

पोरगं वाईट नव्हतं. बोलत होतं तेही खोटं नव्हतं. बाई हयात असेतो त्यांच्या कानात ते मुद्रण निर्मळच राहणार होतं. मास्तरांच्याही. दोघं म्हातारी सुखात, आणि त्यांच्यामागे जो कोणी ऐकेल त्याच्या कानात तवा तापलेला.

मास्तर आत गेले. बाईंच्या समोर स्टूल ओढून बसले.

“बाई, यात खोट आहे. चुरचुर. चौथ्या मिनिटापासून शेवटपर्यंत.”

“मला नाही आली ऐकू.”

“मलाही नाही. पोरांना येते.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तर पुढे बोलले, “माझे वरचे आवाज गेलेत. दीड वर्ष झालं. कुणाला बोललो नाही.”

“मी माझं बोट तुला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली. बाईंनी आवाज चढवला नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर झेलायला तरी काही हाती आलं असतं.

बाईंनी डावा हात मांडीवर उताणा ठेवला. बोटं उघडायचा प्रयत्न केला. अंगठा आला, पहिलं बोट आलं, मधलं अर्धं आलं. करंगळी आणि तिची शेजारीण तळव्याला चिकटून राहिल्या. उजव्या हातानं त्या एकेक सोडवायला गेल्या आणि कळ आली तशा थांबल्या.

“आठवड्यानं?” मास्तरांनी विचारलं. “महिन्यानं? मी थांबतो. दुसरा कुणी चांगल्या कानाचा आणतो.”

“नाही रे,” त्या म्हणाल्या. नुसतंच.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. चिमणी उंबऱ्यावर उभी होती.

“तू ऐकलंस आधी?”

“हो, आजी.”

“ये इकडं. अशी माझ्यासमोर बस. आणि तू लाव रे पुन्हा, पहिल्यापासून.” त्या चिमणीला म्हणाल्या, “मला कळू दे कुठं कुठं आहे ते. ती चुरचुर येईल तेव्हा बोट वर कर. गेली की खाली.”

“आजी, नको ना.”

“माझ्या वडिलांचं आहे ते. किती उरलंय ते मला बघू दे.”

मास्तरांनी लावलं. व्हायोलिन सुरू झालं, स्वच्छ, संथ. तीन मिनिटं चिमणीचे हात मांडीवर होते. त्या तीन मिनिटांत बाईंच्या चेहऱ्यावर कसलीशी आशा येऊन बसली. मग चिमणीचं बोट वर झालं. खाली आलं. पुन्हा वर झालं. खोलीत दोन म्हातारी माणसं स्पीकरकडे पाठ करून एका पोरीच्या बोटाकडे टक लावून बसली होती, आणि त्यांच्या कानांत निर्मळ सूर चालले होते.

आठव्या मिनिटानंतर बोट खाली आलंच नाही. हात भरून आला तशी चिमणीनं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला आणि ते तसंच वर धरून ठेवलं, रचना संपेपर्यंत.