एका नावापुरती जागा

"कल्लप्पा, त्या कोपऱ्यात संसार थाटलास काय रे?" हेड ड्राफ्ट्समन स्वामीअण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "सकाळपासनं तिथंच हाईस."

"दोन नावं हायत अण्णा, आणि जागा एकाचीच."

स्वामीअण्णा उठून त्याच्या टेबलापाशी आले. सव्वीस वर्षं ट्रेसिंग क्लॉथवर ओणवं राहून त्यांची पाठ कायमची वाकली होती. नकाशा देवघरात लावायचा असावा अशी त्यांची शिस्त. गावाचं नाव ठिपक्याच्या उजवीकडे, नदीचं तिरक्या अक्षरात, प्रवाहाच्या अंगानं. अक्षर रस्त्यावर पडता कामा नये आणि अक्षरावर अक्षर तर नाहीच नाही. शिवाय सरहद्दीपलीकडे आपली एक वेलांटीसुद्धा जाता कामा नये, कारण तिकडचा कागद दुसऱ्या राज्याचा. तिकडे कागद कोराच सोडायचा. या शिस्तीला कचेरीत हसणारे पुष्कळ होते, पण अण्णांच्या हाताखालून गेलेला नकाशा लांबूनसुद्धा ओळखू येई, हे हसणारेही कबूल करत.

नकाशा टँकरचा होता. त्र्याहत्तर सालचा एप्रिल. जिल्ह्यात विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि वरून हुकूम आला होता की कुठल्या गावाला टँकर जाणार ते एका नकाशावर दिसलं पाहिजे. तलाठ्यांच्या याद्या रोज बदलत. त्यांना कंटाळून कुंभोजकर साहेब म्हणाले होते, "यादी राहू द्या बाजूला. नकाशावर नाव असेल तिथं टँकर. नसेल तिथं नाही. विषय संपला."

साहेबांच्या दृष्टीनं विषय संपला होता. कल्लप्पाच्या टेबलावर तो सुरू झाला होता. दक्षिणेकडच्या त्या कोपऱ्यात दोन ठिपके जवळजवळ आले होते. वरून डांबरी रस्ता, खालून राज्याची सरहद्द, मधून ओढा. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत एक नाव कसंबसं मावत होतं.

"मधलं अंतर किती?" अण्णांनी विचारलं.

"कागदावर बोटाएवढंबी न्हाई. जमिनीवर दीड मैल."

"मग एवढं काय त्यात? मोठ्या वस्तीचं नाव टाक, लहानीचं सोड. ट्यांकर आला की दोघंबी भरून घेतील. उद्या सकाळी साहेबांच्या सहीला जायचंय, ध्यानात ठेव."

एवढं बोलून अण्णा चहाला गेले. मोठी कुठली आणि लहान कुठली, हे काही त्यांनी विचारलं नाही.

मोठी होती चिंचमाळ, चाळीस घरांची. लहान होती बिळीगुड्डा, बावीस घरांची. आणि बिळीगुड्ड्याला कल्लप्पाची थोरली बहीण निंगव्वा दिलेली होती.

आई गेली तेव्हा कल्लप्पा सहा वर्षांचा होता आणि अक्का अकराची. चुलीपुढं बसून भाकरी थापायची ती आणि शाळेत जायचा तो. त्याच्या हातचं अक्षर मोत्यासारखं झालं, तिला आपलं नावही लिहिता आलं नाही. हे ऋण कल्लप्पा कधी बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे. गेल्याच रविवारी अक्का एसटीनं येऊन गेली होती. ओठ फुटलेले, टाचांना भेगा. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली होती, "कल्लू, तू कचेरीत हाईस. सायबाच्या कानावर घाल की रं. दोन कोसावरनं पानी आणतोय आमी."

साहेबांच्या कानावर घालण्याची त्याची छाती नव्हती. आठ वर्षं तो टेंपररी होता, आणि कायम होण्याचा कागद याच महिन्यात पुढं सरकला होता. अशा वेळी साहेबांपुढे घरचं गाऱ्हाणं कोण नेणार? पण हातात पेन होतं.

त्यानं काळ्या शाईत 'बिळीगुड्डा' लिहिलं. अक्षर सुरेख आलं. मग राहिला चिंचमाळचा ठिपका. नावावाचून ठिपका म्हणजे विचारणा होणार. कल्लप्पानं ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि तो ठिपका अलगद खरवडला, वर रबर फिरवला, अंगठ्याच्या नखानं क्लॉथ घोटून गुळगुळीत केलं. तिथं कधी काही होतं असं कुणी म्हटलं नसतं. चहा पिऊन आलेल्या अण्णांनी लांबूनच मान डोलावली, "आता कसं मोकळं वाटतंय बघ."

घरी जाताना कल्लप्पानं स्वतःची समजूत घातली. दीड मैल म्हणजे काय फार? चिंचमाळची माणसं येतील चालत. टँकर काय नावं विचारून पाणी देतो? ही समजूत त्याला अख्खा महिना पुरली.

मेच्या शेवटी एका दुपारी निंगव्वा आली. दारातूनच ओरडली, "नीरु बंतु, कल्लू! पानी आलं!" आनंदात असली की ती कानडीत शिरायची. पिशवीतून तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून ठेवली आणि भावाच्या डोक्यावरून बोटं उतरवून कानशिलावर मोडली. "एक दिवसाआड येतोय ट्यांकर. ड्रायव्हर म्हनला, कागदावर नाव हाय तुमचं. आमच्यात समदी म्हनत्यात, निंगव्वाच्या भावानं लिव्हलं."

कल्लप्पाला बरं वाटलं. खोटं कशाला, फारच बरं वाटलं. अक्काला उभ्या जन्मात आपण काही देऊ शकलो, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. भाकरीचा तुकडा मोडत त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "चिंचमाळची येत्यात का गं पाण्याला?"

निंगव्वाचे हात थांबले.

"येत हुती," ती म्हणाली. "पैल्या दोन बारीला आली. ट्यांकर एक, बावीस घरं, वर जनावरं. त्यात त्यांची चाळीस घरं. कसं पुरंल? आमच्या गड्यांनी हाकललं त्यास्नी. ओढ्याच्या ह्या अंगाला पाय ठेवायचा न्हाय म्हनले. बायाबी गेल्या दगडं घिऊन." मग तिनं पुढचं सांगितलं. "मीबी एक उचलला हुता. मारला न्हाय. पन उचलला हुता."

"मग?"

"मग काय? त्यांची रंभाबाई गेली हुती तालुक्याला अर्ज घिऊन. तितल्या क्लार्कानं भिंतीवरचा ट्यांकरचा नकाशा बघितला म्हनं. म्हनला, ह्या नावाची वस्तीच न्हाय, हितं काय दिसत न्हाय. म्हातारी म्हनली, आवो, मी तर तितनंच आलीया चालत. समदी हसली कचेरीतली."

कल्लप्पानं ताट बाजूला सरकवलं.

"परवा हिरीत उतरली ती. तळाला वाटीनं भरावं लागतंय. चढताना पायरीचा दगड सुटला. तितंच गेली." निंगव्वानं पदर तोंडाला लावला. "रंभाबाई रं. दोनी वस्त्यांची सुईन. माझ्या बसवराजला तिनंच हातात घेतलं हुतं. दिवसभर अडले हुते मी, ती उठून गेली न्हाय माझ्यापासनं. आन् आमी तिला पानी दिलं न्हाय."

अक्काला नकाशातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपल्या दगडासाठी रडत होती. कल्लप्पाला आपल्या ब्लेडबद्दल तिला सांगता आलं नाही. तिला एसटीत बसवून तो घरी न जाता तडक कचेरीत गेला, सुट्टी टाकलेली असताना.

स्वामीअण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मोठीचं टाक म्हणालो होतो."

"व्हय."

"आणि ठिपका? ठिपका का खरवडलास?"

अण्णा खुर्चीत मागं टेकले. "हे बघ, साहेबांना यातलं काय सांगू नकोस. ट्रेसिंगमध्ये राहून गेलं म्हणू. माणसाकडनं राहतंय. तुझा कायमचा कागद टेबलावर हाय त्यांच्या, सहीला. आठ वर्षं थांबलास, सही होईस्तोवर अजून आठ दिवस थांब, मग नाव घाल."

"आठ दिवसांत हिरीत अजून कोण उतरंल, अण्णा."

त्यानं ट्रेसिंग क्लॉथची गुंडाळी काढून टेबलावर पसरली. तो कोपरा समोर आला. बिळीगुड्डा, रस्ता, ओढा, सरहद्द. आणि सरहद्दीच्या खाली कोरा कागद. वीतभर कोरा कागद. महिनाभरापूर्वी तो या कागदावर कोपर टेकून बसला होता आणि जागा नाही म्हणत होता. नाव पलीकडे लिहून तिथून ठिपक्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली असती तर दोन्ही वस्त्या राहिल्या असत्या. जरा वाईट दिसलं असतं, एवढंच. कल्लप्पाला स्वतःची किळस आली.

"पलीकडं लिहितो," तो म्हणाला.

सरहद्दीपलीकडे. अण्णांचा हात आपोआप वर आला होता, तो त्यांनी खाली घेतला. स्वतःची शाईची बाटली उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली. "रेघ बारीक ओढ," एवढंच म्हणाले.

कल्लप्पानं ठिपका होता तिथं परत दिला. खरवडलेल्या जागी शाई जरा फुटली, ठिपका शेजारच्यापेक्षा मोठा झाला. खाली कोऱ्या जागेत त्यानं 'चिंचमाळ' लिहिलं आणि रेघ ओढली. मग क्लॉथ घेऊन तो साहेबांच्या खोलीत गेला आणि बहिणीच्या नावासकट सगळं सांगितलं.

कुंभोजकर साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते. नकाशाखालची सही त्यांची होती. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"तुमची बहीण तिथं दिलेली आहे हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं, बिराजदार? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

खरोखर, सांगायला काय झालं होतं?

"नवीन प्रिंट काढा. आजच टँकरच्या डेपोत पोचवा. आणि तुमचा खुलासा लेखी द्या." साहेबांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक फाईल काढली, उघडली, न वाचता मिटली आणि खालच्या खणात टाकली. "ही आता निघणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचमाळला जाणाऱ्या पहिल्या टँकरमध्ये कल्लप्पा ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याला कुणी जायला सांगितलं नव्हतं. जालिंदर ड्रायव्हर वाटभर कुरकुरत होता. "लई आडबाजूला हाय की ओ. कालपत्तूर तर हे गाव नव्हतंच आमच्या कागदावर."

वस्तीत टँकर शिरला तेव्हा आरडाओरडा झाला नाही. बायका भांडी घेऊन आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. रांगेत एक घागर नुसतीच ठेवलेली होती. तिच्यामागे माणूस नव्हतं, पण मागची बाई तिला ओलांडत नव्हती. घागर पुढं सरकवायची आणि मग आपली.

"ही कुणाची?" कल्लप्पानं विचारलं.

"रंभामावशीच्या घरची," ती म्हणाली. "सिद्रामतात्याला दिसत न्हाय. आमीच भरून द्येतो."

त्यानं ती भरली, खांद्यावर घेतली आणि बाईनं दाखवलेल्या घरात नेली. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. पावलाच्या आवाजाकडे त्यानं तोंड वळवलं. "कोन हाय?"

"कचेरीतला हाय, तात्या. कल्लप्पा. पाणी आणलंय." त्यानं घागर उतरवली. हात मोकळे झाले, पण तो तिथंच उभा राहिला. मग उकिडवा बसला आणि एका दमात सांगून टाकलं, की नकाशावर नावं लिहायचं काम माझं, तुमच्या वस्तीचं नाव मीच काढलं होतं, माझ्या बहिणीच्या वस्तीचं राहावं म्हणून. मावशी तालुक्याला गेल्या तेव्हा म्हणूनच ते सापडलं नाही.

म्हातारा ऐकत होता. बाहेर भांड्यांचे आवाज येत होते. कल्लप्पाला वाटलं, आता हा हाक मारील, माणसं गोळा करील. मारावं त्यांनी, असंही वाटलं.

"ती म्हनली हुती मला," म्हातारा अखेर बोलला. "म्हनली, त्यास्नी आपलं गाव दिसत न्हाय. मी म्हनलं, मला आंधळ्याला दिसतंय आन् त्यास्नी दिसत न्हाय व्हय?" मग विचारलं, "परत येनार का ट्यांकर?"

"येणार. एक दिवसाआड. आता येणारच."

म्हाताऱ्यानं चाचपडत हात पुढं केला. हात घागरीला लागला, काठापर्यंत गेला, बोटं पाण्यात बुडाली.

"गळ्यापत्तूर भरलीया की," तो म्हणाला. "एवढं कशाला? दोघं असताना लागायचं. अर्धं हितं रांजणात वता, आन् अर्धं शेजारी गंगम्माकडं न्या. तिची लेकरं ल्हान हायत."

कल्लप्पानं घागर उचलली. रांजण रिकामा होता. त्यानं हळूहळू ओतायला सुरुवात केली. म्हातारा कान देऊन ऐकत होता. अर्धी झाल्यावर त्यानं हात वर केला.

"बास," तो म्हणाला. "माझं झालं."