माइक बंद असताना

बैठक खुली होती. तसं दारावर लिहिलंच होतं, चांगल्या हातभर अक्षरांत: ‘नदी सर्वांची, निर्णय सर्वांचा.’ आता बोला. तीन देशांचे प्रतिनिधी चार दिवस घसा कोरडा करत होते, आणि नदीकाठच्या माणसांना शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, माणशी तीन मिनिटं.

काचेच्या खोलीत दुभाषीण कानाला यंत्र लावून बसली होती. बावीस वर्षं तिचं हेच काम. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात घालायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. घातला की नोकरी गेली, इतका साधा नियम. ती पार थकली होती. ‘सहभाग’ हा शब्द आला की तिला आताशा जांभईच यायची.

यादीत सगळ्यात शेवटी एक होडीवाली होती. खालच्या देशातली, दुभाषिणीच्याच भाषेतली. सकाळी जिन्यात भेटली तेव्हा तिने आपला लिहून आणलेला कागद दिला होता.

“ताई, माझा धाकटा दीर गेला. वरच्या देशवाल्यांनी धरणाची दारं उघडली, कुणाला सांगितलं नाही. होडीसकट गेला. दारं उघडायच्या आधी सहा तास भोंगा वाजवा, एवढी एक ओळ ठरावात हवी. बाकी त्यांचं त्यांना लखलाभ.”

एक वाजत आला. अध्यक्ष मोठा गोड माणूस. त्यांनी घड्याळ पाहिलं, दिलगिरी व्यक्त केली आणि तीन मिनिटांचं एक मिनिट केलं. होडीवालीला ते कळायलाच दहा सेकंद गेले. मग तिने नमस्कार केला, बोलावल्याबद्दल आभार मानले, दिराचं वय सांगितलं, होडी कुठे सापडली ते सांगितलं. अगं बाई, भोंग्याचं बोल, दुभाषीण मनात कळवळली. तेवढ्यात लाल दिवा लागला आणि माइक बंद झाला. बाईचे ओठ हलतच राहिले.

दुभाषिणीचा माइक मात्र चालू होता. शेजारच्या खुर्चीतल्या जोडीदार दुभाष्याने मानेनेच नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. कागद समोर होताच.

“आमची मागणी एवढीच, की दारं उघडण्याआधी सहा तास भोंगा वाजवावा,” ती शांतपणे म्हणाली.

सभागृहातल्या निम्म्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. टिपणं घेणाऱ्या कारकुनाने काढलं नव्हतं. त्याने इमानेइतबारे ओळ उतरवून घेतली.

जेवणानंतर वरच्या देशाने हरकत घेतली, की बाई हे बोललीच नाही. सभागृहातलं ध्वनिमुद्रण ऐकलं. खरंच त्यात बाईच्या तोंडी भोंग्याचं काही नव्हतं. ओळ खोडली गेली आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. गंमत बघा, ठरावाचं पहिलंच वाक्य होतं, ‘नदीकाठच्या सर्वांचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं.’ हे वाक्य असलेली प्रत दुभाषिणीच्या हातात पहिल्याच दिवशी, सोमवारी, पडली होती.

तिला ओळखपत्र परत करायला सांगितलं. तिने केलं. भांडायचं त्राणही उरलं नव्हतं.

होडीवाली फाटकाशी थांबली होती. “घेतलं का भोंग्याचं?”

“घेतलं होतं. मग खोडलं. तुमचा माइक बंद झाला होता ना.”

“मीच मेली दिराचं सांगत बसले,” होडीवाली म्हणाली. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. “जाऊ आहे, त्याची बायको. मला नाही सांगवणार. तुम्हीच सांगा ताई, तुम्हाला नीट सांगता येतं.”

दुभाषिणीने फोन घेतला.

“वाजणार का हो भोंगा?” पलीकडून विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी इथली दुभाषीण बोलतेय. तुमच्या जाऊबाई चांगलं बोलल्या. सभेनेच घेतलं नाही.”



“बरं. त्यांना म्हणावं, या आता घरी. भावजींनी आज होडी काढली नाही, तुमच्याकडच्या निरोपाची वाट बघत बसलेत. उद्या काढतील.”

भावजी म्हणजे होडीवालीचा नवरा. दुभाषिणीने तिला तेही सांगितलं.