माझी कंबर, पान एकेचाळीस

माझ्या भाच्यानं, ब्रेइशोनं, माझ्या कमरेवर कादंबरी लिहिली. वर्णन पान एकेचाळीसवर सुरू होतं ते चव्वेचाळीसवर संपतं, यावरून घेर समजून घ्या.

स्पेनमधल्या आमच्या गालिसिया प्रांतातल्या जत्रांमधून मी तीस वर्षं तांब्याच्या हंड्यात ऑक्टोपस शिजवून विकते. दोसिंदाचा ऑक्टोपस म्हटलं की लोक रांग लावायचे. आता पुस्तक घेऊन येतात आणि मला मागून न्याहाळतात. शेजारची सेल्सा तर परवा म्हणाली, "अगं दोसिंदा, जरा वळ ना! पुस्तकात म्हणतात तू म्हणजेच गालिसिया. सीमा नेमकी कुठून सुरू होते ते बघू दे!"

वर म्हणे माझ्या अंगाला समुद्राचा वास येतो. आम्ही ऑक्टोपसवाल्या सगळ्या डोंगरातल्या. समुद्र इथून शंभर किलोमीटर. माद्रिदला राहून ब्रेइशो एवढंही विसरला! शेवटी तर पुस्तकातली ती बाई समुद्रात चालत जाऊन जीव देते. मी गुडघाभर पाण्यातही कधी उतरले नाही.

वाचनालयात पुस्तकाचा कार्यक्रम होता, म्हणून तिथे मी एप्रनसकट पहिल्या रांगेत जाऊन बसले. सगळ्यांदेखत सांगणार होते, मला या पुस्तकातून बाहेर काढ.

माद्रिदहून आलेल्या समीक्षक बाई म्हणाल्या, "या सुजलेल्या पायांत एका समाजाचा इतिहास साठला आहे."

"इतिहास कसला, शिरा फुगल्यात," मी म्हणाले. लोक हसले. ब्रेइशोचे कान लाल झाले.

मग तो वाचायला लागला. "ती डाव्या हातानं ऑक्टोपस उचलून उकळत्या पाण्यात तीनदा बुडवते. दर वेळी अंगठ्यावर फुंकर घालते."

मी उजव्या हातानं बुडवते. आणि फुंकर घालत नाही, शिव्या घालते.

डावखुरी होती ओतिलिया, आणि अंगठ्यावर फुंकरही तीच घालायची. माझी धाकटी बहीण, ब्रेइशोची आई. तो पाच वर्षांचा असताना ती गेली. तिचा एकच फोटो आहे, त्यात हात टेबलाखाली. मला वाटायचं, याला आईचं काहीच आठवत नसणार. आपण काय भांडायला आलो होतो याची लाज वाटली.

"तुम्हाला काही बोलायचंय का?" समीक्षक बाईंनी विचारलं. मी उठले.

"पुढच्या छपाईत समुद्र काढ," मी ब्रेइशोला म्हणाले. "आणि तिला मारू नकोस. एकदा गेली तेवढं पुरे झालं."

त्याला कळलं. त्यानं पुस्तक मिटलं. "हात राहू देऊ, मावशी?"

"हात राहू दे."

"कंबर काढतो हवं तर."

"मग ते हात काय खुंटीला अडकवणार आहेस? माझीच राहू दे."