छाती एकवीस इंच

"हा घ्या तुमचा स्वेटर." साळवींनी पिशवी काउंटरवर उलटी केली. लाल-निळ्या पट्ट्यांचा स्वेटर बाहेर पडला. गळ्यापाशी त्याची वीण उसवली होती आणि खाली वाळलेलं रक्त दिसत होतं.

"गळ्यातनं पाय आत गेला याचा. चार पायऱ्या गडगडत गेला. हनुवटी फुटली. मोठा घ्या, मोठा बरा, असं तुमीच म्हणालात ना बाई?"

संध्या तसं म्हणाली होती, शनिवारी, ह्याच काउंटरमागे उभी राहून.

साळवींच्या पायाशी त्यांचा कुत्रा उभा होता. तपकिरी, गावठी, तोंड पांढरं झालेलं, हनुवटीला जांभळं औषध. तेरा वर्षांचा होता, पण नाव अजून पिल्लूच होतं. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळत असावं. तो मान खाली घालून उभा होता.

खांदेश्वर स्टेशनजवळच्या ह्या दुकानात संध्याला महिनाही झाला नव्हता. त्याआधी बावीस वर्षं ती जुईनगरला शाळेच्या गणवेशांच्या दुकानात होती. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की पोरांची रांग लागायची आणि ही गळ्यात टेप अडकवून एकेकाला समोर उभं करायची. खांदा, छाती, उंची. माप घेऊन झालं की वाक्य ठरलेलं. "वाढत्या अंगाचं आहे, दोन इंच जास्त धरते." आई-बाप खूश व्हायचे, पोरगं बाहीत हात हरवून घरी जायचं आणि दिवाळीनंतर तीच बाही बरोबर मनगटावर यायची. पुढे शाळाच गणवेश विकू लागल्या आणि दुकान बंद पडलं.

जाफरभाईंचं दुकान मुळात मासे आणि पक्ष्यांचं. आजूबाजूला इमारती वाढल्या, लोक कुत्र्यांचं सामान मागू लागले, म्हणून त्यांनी तेही ठेवलं. पण त्यांचे पाच वेळचे नमाज, त्यामुळे कुत्र्याला ते हात लावत नसत. माप घ्यायला, पट्टा घालून बघायला त्यांना कोणीतरी हवं होतं. "कुत्र्यांची भीती नाय ना, संध्याताई?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. संध्या "छे, छे" म्हणाली होती. नोकरी हवी होती. कराडकडच्या गावात सहावीत असताना कुत्र्याने धरलेली पोटरी साडीखाली झाकलेली होती. ती कुणाला दिसणार होती?

तेव्हापासून ती अशीच निभावून नेत होती. टेप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, आकडा लांबून वाचायची. शनिवारी टेप धरायला साळवींबरोबर त्यांची बायको जयमाला नव्हती आणि त्यांच्या एका हातात औषधांची पिशवी होती. मग संध्याने पिल्लूकडे हातभर अंतरावरून पाहिलं. केस दाट होते, कुत्रा भरलेला वाटला. "बावीस नंबर घ्या," ती म्हणाली, "मोठा बरा. अंगात घालायला सोपा जातो."

आता माशांच्या टाकीत जाळी फिरवत असलेले जाफरभाई हात पुसत पुढे आले. "सालवीसाहेब, चूक आमची हाय. पैसे देतो, डॉक्टरचं पन देतो. संध्याताई, तुमी बसा, मी बघतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तुमी बसा, ह्या दोन शब्दांत नोकरी गेल्याचंही आलं, असं तिला वाटलं. ती बसली नाही.

"मी माप घेतलंच नव्हतं, काका," ती म्हणाली. "नुसता अंदाज केला. मला कुत्र्याची भीती वाटते. जाफरभाई, तुमाला पण मी खोटं सांगितलं."

टेप उचलून ती काउंटरच्या बाहेर आली. मागे लव्हबर्ड्सची किचकिच चालू होती.

"आता घेऊ का?" तिने विचारलं. "हा काही करणार नाय ना?"

आपला राग एकदम कुठे ठेवावा हे साळवींना कळेना. "तो काय करतोय," ते पुटपुटले. "उभा राहतोय तेच खूप."

संध्या फरशीवर गुडघे टेकून बसली. पिल्लूने तिचा हात हुंगला. त्याचा श्वास गरम होता आणि त्याला औषधाचा वास होता. तिने हात मागे घेतला नाही. आधी गळा. मग मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ, एकोणीस. स्वेटरचा नंबर ह्याच लांबीवरून ठरायचा. मग पुढच्या पायांच्या मागून टेप घालायला तिने तळवा त्याच्या छातीखाली सरकवला आणि तिथेच थांबली. दाट केसांच्या आत मांस असं नव्हतंच. बरगड्या एकेक मोजता आल्या असत्या. आतलं काळीज तिच्या तळहातावर भराभर आपटत होतं.

"एकवीस," ती म्हणाली.

"काय एकवीस?"

"छाती. एकवीस इंच."

"शक्यच नाही." साळवी खाली वाकले. "पावसाळ्यात याला रेनकोट घेतला तेव्हा सव्वीस होती. आमच्या जयमालाने लिहून ठेवलंय. टेप तिरकी धरली असेल तुमी. द्या इकडे. पस्तीस वर्षं तळोज्याला कंपनीत मापं तपासण्यात गेली माझी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टेप दोन्ही बाजूंनी सपाट आहे ना हे बोटाने चाचपलं आणि आकडा पाहिला. टेप सोडून पुन्हा गुंडाळली, पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा त्यांनी टेप घेतली नाही. नुसता हात पिल्लूच्या छातीखाली धरून ते उकिडवे बसून राहिले.

"रोज बघतो ना," ते म्हणाले. "रोज बघणाऱ्याला कळत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"किडनीचं आहे. औषध चालू आहे. ऊब द्या म्हणाले, पहाटे फार कुडकुडतो." ते सावरून उठले. "असं करा ताई, बावीस नंबरच द्या नवीन. खालून मी सेफ्टी पिन मारतो. औषध लागू पडलं की अंग धरेल तो. मग उगाच लहान व्हायला नको."

संध्याने शेल्फकडे पाहिलं. बावीस नंबरचा स्वेटर वरच होता. तो काढून दिला असता तर साळवी समाधानाने गेले असते.

"काका, आमच्या घरी पण असंच होतं," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना छातीचा आजार झाला. आधी चाळीसचा शर्ट लागायचा. अंग उतरलं तरी मी चाळीसचेच आणत राहिले दोन वर्षं. माप घ्यायचं काम माझं, पण घरात टेप काढली नाय. कॉलर अशी लोंबायची. येणारा-जाणारा आधी शर्टाकडं बघायचा, मग त्यांच्याकडं. एक दिवस हेच म्हणाले, अगं, मी हाय तेवढ्याचं काहीतरी आण की."

साळवी ऐकत होते. "मग?"

"मग छत्तीसचा आणला. माणूस नीट दिसायला लागला हो. चारचौघांत जायला लागले."

"म्हणजे... आहेत?"

"आहेत की. आता सोसायटीत खाली बसले असतील गप्पा मारत."

साळवींनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, मग नाक पुसलं, मग तोच रुमाल पिल्लूच्या डोळ्याच्या कडेला लावला.

"द्या," ते म्हणाले. "आताच्या मापाचा द्या."

संध्याने अठरा नंबरचा राखाडी स्वेटर काढला. पोटाखाली आखूड होता, म्हणजे लघवीने ओला झाला नसता. एक पाय साळवींनी घातला, दुसरा तिने. छातीपाशी दोन बोटं आत घालून बघितली. बरोबर बसला होता. पिल्लूने सगळं अंग झाडलं. स्वेटर जागचा हलला नाही. राखाडी लोकरीत त्याची पाठ किती लहान होती ते आता स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही तो शनिवारपेक्षा ताठ वाटत होता.

जाफरभाईंनी पैसे घेतले नाहीत. संध्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "उद्या दहाला या. साडेनऊला नको, शटर उशिरा उघडनार हाय."

दुकानाच्या दाराशी एक उंच पायरी होती. तिथे पोचल्यावर साळवी पिल्लूला उचलायला वाकले, मग थांबले. पट्टा सैल सोडून ते रस्त्यावर उतरून उभे राहिले. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी हाताने थांबवून धरलं.

पिल्लूने पायरीचा वास घेतला. एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मागचं अंग थोडं लटपटलं. मग तेही खाली आलं.

"चल," साळवी म्हणाले आणि दोघं त्याच्या चालीने निघाले.