पान दोन भिंतीकडे

मी एक जुना वृत्तपत्र-फलक आहे, मित्रांनो. वाचनालयाच्या बाहेरची भिंत, पुढून काच आणि काचेला कुलूप, असा माझा थाट. रंधा मारताना सुतारमामा म्हणाले होते, "याच्यापुढं सगळा रस्ता उभा राहील बघा." आणि खरंच राहिला. पेपर विकत घेणं ज्यांना जमत नसे, ते माझ्यासमोर माना उंचावून वाचत. नोकरभरती कुठे निघाली, पाणी कधी येणार नाही, पूल कोणता खचला आणि त्याचे पैसे कोणी खाल्ले, सगळं माझ्यामुळे कळायचं. माझ्यामुळेच, असं मला वाटायचं. जरा शिष्टच झालो होतो मी.

ती सकाळ आठवली की तोंड लपवावंसं वाटतं, पण माझी काच पडली पारदर्शक.

कोपऱ्यावर डेअरी चालवणाऱ्या मावशींच्या दुधात भेसळ आहे, अशी तक्रार झाली होती. तपासणीत दूध चोख निघालं. मथळा यायचा होता, 'भेसळीचा आरोप असत्य'. छापताना 'अ' गळाला. खालची बातमी बरोबर होती, पण मथळ्याखाली उतरतो कोण? पेन्शनर काकांनी 'आरोप सत्य' एवढंच मोठ्याने वाचून दाखवलं. "छापून आलंय म्हणजे असणारच," म्हणत माणसं डेअरी टाळून पुढे गेली. मावशी आल्या, वाचून तशाच परतल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

दुसऱ्या दिवशी त्या चुकीची दुरुस्ती आली, पण बारीक टाइपात, पान दोनवर. माझ्यावर दिसतं फक्त पहिलं पान. पान दोन भिंतीकडे. मावशींची अब्रू माझ्या लाकडाला चिकटून होती आणि मी लोकांना क्रिकेटचा निकाल दाखवत होतो.

मावशी ग्रंथपालांकडे गेल्या. "ते पान बाहेर लावा."

"पहिलंच पान लावायची पद्धत आहे हो."

"पद्धत तुमची, पण गिऱ्हाईक माझं गेलं ना?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली, कुलूप काढलं आणि पान उलटवलं. "आज पेपर उलटा का?" लोक कुरकुरले. मावशी तिथेच उभ्या होत्या.

"काका, काल मोठ्यानं वाचलंत. आजही वाचा."

काकांचा चेहरा उतरला. काचेला नाक लावून ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू येत नाही," मावशी म्हणाल्या.

मग काकांनी घसा खाकरून सगळी दुरुस्ती वाचली. काही गिऱ्हाइकं त्याच संध्याकाळी परतली. त्या वेळी जे तिथे नव्हते, ते मात्र आजही दूध दुसरीकडून आणतात, आणि मावशींच्या दारावरून जाताना पोराबाळांचा हात धरून पलीकडच्या बाजूने जातात.

मित्रांनो, छापलेल्या अक्षरावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात. तुम्ही डोळे उघडे ठेवा. मथळ्यापाशी थांबू नका, आणि मागचं पान बघायचं असेल तर आत जाऊन मागा. मला स्वतःहून पान उलटता येत नाही.